आठ बाय तीनचा वाफा

माणसानं बत्तीस वर्षं झाडांची नोकरी करावी आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या दारातल्या आठ फूट बाय तीन फूट जागेत त्याला एक झुडूप जगवता येऊ नये, ही गोष्ट मी आपणहून कोणाला सांगितली नसती. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती फोटोसकट फिरलेली आहे. तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. निदान माझी बाजू नीट नोंदली जावी म्हणून हे लिहितोय.

झाडांची नोकरी म्हणजे नक्की काय, हे तुम्ही विचारणार. सोसायटीत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नव्हतं. मी एका सरकारी खात्यात होतो. खात्याचं नाव घेत नाही, कारण पेन्शन चालू आहे. किती खड्डे घेतले, किती रोपं लागली, किती जगली, याचे तक्ते माझ्या टेबलावर तयार व्हायचे. माझ्या तक्त्यातलं झाड सहसा मरत नसे. आता प्रत्यक्ष हातानं रोप लावायचा योग कधी आला नाही, ही गोष्ट खरी आहे. पण रेल्वेच्या वेळापत्रक विभागातल्या माणसाला कोणी इंजिन चालवता येतं का म्हणून विचारत नाही.

तर निवृत्तीनंतर आम्ही मुळशी तालुक्यात, पौडच्या थोडं अलीकडे, 'डोंगरछाया फेज टू'मध्ये रो-हाऊस घेतलं. फेज वन कुठे आहे ते बिल्डरलाही सांगता आलेलं नाही. एकाला एक चिकटलेली चोवीस घरं, प्रत्येकाला फाटक, आणि फाटकाच्या आत डाव्या हाताला आठ बाय तीनचा मातीचा वाफा. आमचं घर पश्चिमेला तोंड करून. दुपारी बाराला ऊन वाफ्यावर जे येतं ते सूर्य डोंगराआड जाईपर्यंत हलत नाही. गणपतीच्या सुमारास राहायला आलो आणि पंधरा दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी जनार्दन बेलवलकर यांनी माझं पूर्वायुष्य शोधून काढलं. तेव्हापासून मी 'झाडांचे साहेब'. कोणाच्या कढीपत्त्यावर कीड पडली की मला हाक यायची. मी पान उलटं करून बघायचो, 'हं' म्हणायचो आणि 'पाण्याचं प्रमाण बघा' असं सांगायचो. हा सल्ला चुकल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

आता माझ्या बायकोबद्दल, सुलक्षणाबद्दल. नोकरीत माझ्या सात ठिकाणी बदल्या झाल्या. उदगीर, नवापूर, गडहिंग्लज, आणखी चार. प्रत्येक ठिकाणी क्वार्टरच्या दारात ती एक झाड लावायची. पांढऱ्या फुलांचं, मोगरा वगैरे. ते चांगलं भरात आलं की माझी ऑर्डर निघायची. टेम्पो हलला की ती घराकडे बघत नसे, त्या झाडाकडे बघत बसायची, वळण येईपर्यंत. या घराचा ताबा मिळाला त्या दिवशी स्वयंपाकघर न बघता ती आधी वाफ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता इथलं झाड मला सोडून जायचं नाही." लग्नाला चौतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट असावी, निदान मला ऐकू आलेली पहिली. मी लगेच जाहीर केलं की झाड मी निवडणार, शास्त्रोक्त पद्धतीनं. ती काही बोलली नाही. मी त्याचा अर्थ संमती असा घेतला.

शास्त्रोक्त पद्धतीबद्दल माझा आग्रह जुनाच. इकडे येताना सामानही मी पद्धतशीर बांधलं होतं. अनावश्यक वस्तूंची यादी करून त्या टाकून दिल्या. फुटकी बादली, जुनी कॅलेंडरं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कसलीशी काटकी, झाकण नसलेले डबे. टेम्पोत एक इंच जागा वाया गेली नाही.

दिवाळीनंतर बेलवलकरांनी सभेत ठराव आणला. सोसायटीचं रूप एकसारखं दिसावं, म्हणून सव्वीस जानेवारीपर्यंत ज्यांच्या वाफ्यात जिवंत, आटोपशीर, सत्तर सेंटिमीटरच्या आतलं झुडूप नसेल, त्यांच्या वाफ्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यात येतील. सत्तर का, तर त्याच्यावर गेलं की कॅमेऱ्याला फाटक दिसत नाही. झेंडावंदन झाल्यावर समिती टेप घेऊन पाहणी करणार. ठराव मांडून झाल्यावर बेलवलकर माझ्याकडे वळून हसले आणि म्हणाले की साहेबांच्या वाफ्याचा आदर्श सगळ्यांनी समोर ठेवावा. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या सुलक्षणानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं घरी आल्यावर एवढंच विचारलं की ब्लॉक बसले तर ते पुन्हा काढता येतात का.

मी त्याच दुपारी तक्ता केला. चौदा झुडपं, नऊ रकाने. उंची, पसारा, ऊन सोसण्याची क्षमता, फुलांचा रंग, काटे, चीक, कीड, पाणी, आणि शेवटी शेरा. गुलाब: काटे, दारात नको. कण्हेर: विषारी, लहान मुलं. तगर: चीक. जास्वंद: साधी उंच जाते, ठेंगणी चालेल. कोरांटी: गावठी, शोभिवंत नाही. एक्झोरा: आटोपशीर, उन्हात उत्तम, प्रथम पसंती. खाली सही आणि दिनांक. तक्ता फ्रिजवर चिकटवला. सुलक्षणा चष्मा लावून तो बराच वेळ वाचत उभी होती. मला वाटलं, प्रभावित झाली.

तक्ता झाला तरी चैन पडेना. निवृत्त माणसाचं हेच अवघड असतं, काम संपलं तरी हात थांबत नाहीत. सकाळी उठून वाफ्यापाशी जायचं, उन्हाची रेषा कुठे आली ते विटकरीनं आखायचं, आत यायचं, चहा अर्धा टाकून पुन्हा बाहेर. शेजारच्या उत्कर्षानं तिच्या खिडकीतून मोजलं होतं म्हणे, एका सकाळी मी अकरा वेळा फाटकापर्यंत गेलो. ही मुलगी माणच्या आयटी पार्कात काम करते आणि निम्मे दिवस घरूनच, त्यामुळे माझ्यावर लक्ष ठेवायला तिला वेळ मिळतो.

माझ्या या फेऱ्यांत रोज सकाळी भेटायच्या त्या सगुणाबाई. दुधाची किटली घेऊन येणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ चालीच्या. ही सगळी सोसायटी ज्या शेतावर उभी आहे ते त्यांचंच. मुलानं, म्हणजे कैलासनं, ते विकलं आणि आता त्या त्याच जमिनीवर घरोघर दूध घालतात. त्यांच्यामागून एक शेळी यायची. सोसायटीत जनावरांना बंदी आहे, पण शेळीचा वावर सोसायटी रजिस्टर होण्याच्या आधीपासूनचा, त्यामुळे बेलवलकरांचा इलाज चालत नसे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सगुणाबाई बाकीच्या तेवीस घरांत चपला घालून पायरीपर्यंत जायच्या. आमच्या फाटकाशी मात्र चपला बाहेर काढून ठेवायच्या आणि अनवाणी आत यायच्या. मी हे सुलक्षणाला दाखवलं. खेड्यातल्या माणसांना अजून शिकलेल्या माणसाची कदर आहे, असं म्हणालो. बेलवलकरांच्याही कानावर घातलं, सहज. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

एक्झोरा आणला तो असलमभाईंच्या नर्सरीतून. पौडच्या रस्त्याला त्यांची नर्सरी, वडील पीरमहंमद यांच्यापासूनची. असलमभाई कमी बोलतात. त्यांनी तीन रोपं काढून दिली आणि खड्डा दीड फूट घ्या, एवढंच सांगितलं. मी त्यांना थांबवून खड्ड्याचं शास्त्र सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दीड फूट, असं पुन्हा म्हणाले.

लागवडीला मी चार शेजारी बोलावले, नारळ फोडला, आणि दोन शब्द बोललो. दोन शब्द वीस मिनिटं चालले. प्रत्यक्ष खड्डा मात्र वीतभरच झाला, कारण वरच्या लाल मातीखाली कुदळ गेलीच नाही. दोनदा ठणकन उसळली. कंबरेत कळ आली. लोक बघत होते. मी म्हटलं, एक्झोऱ्याची मुळं वरवरची असतात, एवढा पुरे. दूध घालायला आलेल्या सगुणाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. मला ते कौतुक वाटलं.

एक्झोरा अकराव्या दिवशी मेला. आधी पानांच्या कडा तांबूस झाल्या, मग सगळी पानं एका बाजूला वळली, मग मी रोज तीनदा पाणी घातलं आणि मग ती गळली. मी तडक असलमभाईंकडे गेलो. त्यांनी रोप हातात घेतलं, मूळ चेपलं. ते कुजून भिजलेल्या कागदासारखं झालं होतं. खाली पाणी तुंबतंय, एवढंच ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की रोपाची प्रत बघावी लागेल. त्यांनी बदली तीन रोपं दिली, ठेंगण्या जास्वंदीची. त्यांचा हा चांगुलपणा मला तेव्हा गुन्ह्याची कबुली वाटला, आणि ही माझ्या हातून झालेली चूक मी इथे नोंदवून ठेवतो.

पण जास्वंद लावण्याआधी मी माती तपासून घ्यायची ठरवली. इथे मी माझ्या घरात होतो. मातीचा नमुना कसा घ्यावा याचं परिपत्रक मी स्वतः टाईप करून बारा तालुक्यांना पाठवलेलं आहे. त्यातलं चौथं कलम मला पाठ आहे: खणायला सोपं जातं तिथली माती घेऊ नये. मी वाफ्याच्या मध्यभागी कुदळ मारली, ती उसळली. डावीकडे मारली, उसळली. मग कोपऱ्यात, बिल्डरनं लाल मातीचा ढीग ओतला होता तिथून, खुरप्यानं अर्धा किलो माती काढली आणि पिशवीवर माझं नाव लिहिलं. चौथ्या कलमाची आठवण मला त्या क्षणी झाली नाही, असं मी म्हणणार नाही. कंबर दुखत होती.

प्रयोगशाळेचा फॉर्म वेगळीच कथा. त्यात गट नंबर हवा. आमची जमीन बिगरशेती, तिला प्लॉट नंबर. बिगरशेती जमिनीची माती तपासायची तरतूद नव्हती. खिडकीतल्या माणसाला मी माझ्या हुद्द्यासकट ओळख सांगितली. त्यानं आदरानं खुर्ची दिली आणि तरतूद नाही असं पुन्हा सांगितलं. शेवटी सगुणाबाईंच्या जुन्या सातबाऱ्यावरचा गट नंबर टाकला, तो खरेदीखतात होताच. मग पिकाचं नाव. यादीत जास्वंद नव्हती. ऊस, भात, कांदा, इतर. 'इतर' लिहिलं की साहेबांची मंजुरी लागते आणि साहेब रजेवर. त्यानं भात लिहिलं. आठवड्यानं अहवाल आला. जमीन उत्तम, पोत उत्तम, निचरा उत्तम, भाताला फारच योग्य. मी अहवालाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मातीत दोष नाही.' चौदा अंगठे आले. बेलवलकरांनी विचारलं, भात सत्तर सेंटिमीटरच्या वर जाईल का.

जास्वंदीचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्रास होतो. ती लावल्यावर तिसऱ्या दिवशी एक पान पिवळं पडलं. मी ते कोणाला दाखवलं नव्हतं, पण उत्कर्षानं खिडकीतून फोटो काढून कुठल्याशा ॲपमध्ये घातला. "काका, ॲप म्हणतंय ओव्हरवॉटरिंग आणि अंडरवॉटरिंग, दोन्हीची शक्यता आहे," असं तिनं मला सांगितलं, आणि भांडंभर कॉफीचा चोथा आणून बुंध्याशी घातला. बेलवलकर दुपारी आंबट ताक घेऊन आले. मी झोपलो होतो, त्यांनी परस्पर ओतलं. कोपऱ्यावरच्या घरातून हळद आली, राख आली, अंड्याची टरफलं आली. प्रत्येकाचा सल्ला मनापासून होता आणि प्रत्येकानं तो एकाच दिवशी अंमलात आणला. संध्याकाळी माझ्या वाफ्याला नाश्त्याच्या दुकानामागचा वास येत होता. जास्वंदीनं आठवडा काढला, हेच खूप.

वर्ष बदललं. सव्वीस जानेवारी समोर दिसायला लागली. मी सकाळी उठायचो, वाफ्यापाशी जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. पेव्हर ब्लॉकचा टेम्पो आला आणि क्लबहाऊसच्या भिंतीला ब्लॉक रचून ठेवले गेले. त्याच दिवशी सुलक्षणानं मला चहा देताना हळूच म्हटलं, "नाही जगलं तर राहू दे हो. मला सवय आहे." रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती खरोखर माझी समजूत काढत होती. सात गावं माझ्या ऑर्डरीमुळे सुटली आणि आता आठव्या ठिकाणी, जिथून कोणी आम्हाला हलवणार नाही, तिथे माझ्याच हातानं तिच्या मातीवर सिमेंट पडणार. मी चहा तसाच ठेवून उठलो.

आणि मग मी ते केलं. जे माझ्या तक्त्यांत मी बत्तीस वर्षं करत आलो तेच, फक्त पहिल्यांदा मातीत. पौडला न जाता थेट चांदणी चौकाकडे, बावधनला गेलो, असलमभाईंना दिसू नये म्हणून. तिथून फुललेला एक्झोरा आणला, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतला. पिशवी न काढता तसाच वाफ्यात वीतभर खोल बसवला आणि वरून लाल माती सारवली. पिशवीत तो महिनाभर सहज जगेल. तोवर पाहणी होऊन जाईल. पुढचं पुढे. सुलक्षणानं फुलं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. मी ग्रुपवर फोटो टाकला. बेलवलकरांनी लगेच कळवलं की समितीचे तीन सदस्य उद्या सकाळी नमुनादर्शक पाहणीसाठी येत आहेत.

सकाळी नऊला समिती आली. बेलवलकरांच्या हातात टेप. मी झब्बा घातला होता. त्यांनी खाली वाकून उंची घेतली, छप्पन्न सेंटिमीटर, आणि वाहवा केली. मी मशागतीबद्दल बोलायला सुरुवात केली. मागे सगुणाबाई फाटकाशी चपला काढत होत्या आणि त्यांच्या आधी शेळी आत आली होती. शेळीनं एक्झोऱ्याचा शेंडा तोंडात धरला आणि मान झटकली. जमिनीत रुजलेलं झाड असतं तर शेंडा तुटला असता. इथे अख्खं झाड वर आलं, काळ्या पिशवीसकट, पिशवीवर नर्सरीचं लेबल आणि बारकोड. शेळी ते ओढत फाटकाबाहेर गेली. उत्कर्षाच्या खिडकीतून फोटो काढल्याचा आवाज आला. टेप आपोआप गुंडाळला गेला आणि बेलवलकर खाकरले.

मग हसल्या त्या सगुणाबाई. पदर वगैरे काही नाही, सरळ मोठ्यानं. इतके दिवस ज्याला मी कौतुक म्हणून जपलं होतं ते हसू उघडं पडलं. मी संतापलो. समितीसमोर, झब्ब्यात, अशी शोभा झालेला माणूस दुसरं काय करणार. मी त्यांना विचारलं की यात हसण्यासारखं काय आहे.

"सायेब, हितं काय उगवतंय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हे आमचं खळं हाय. चार पिढ्या भात झोडलाय ह्याच्यावर. दरसाल पानी मारायचं, चोपायचं, शेनानं सारवायचं. दाना मातीत जाऊ नये म्हनून केल्याली जागा ही. तुमी तितं झाड लावताय."

मी म्हटलं, मग चार महिने तुम्ही सांगितलं का नाही.

"तुमी इचारलं का? तुमी तर झाडाचं सायेब. सायबाला म्या काय सांगावं?"

माझ्या तोंडून पुढचा प्रश्न निघायला नको होता, पण निघाला. मी चपलांचं विचारलं. तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारतोय. खळ्यात चपला घालून कोण जातं, असं त्या म्हणाल्या. बेलवलकरांनी खाली बघितलं, स्वतःच्या बुटांकडे. त्यांना आनंद झाला होता, पण तो त्यांनी सभ्यपणे टेपच्या डबीत ठेवला. समिती काही न लिहिता निघून गेली. फोटो मात्र ती कोपऱ्यावर पोचायच्या आत ग्रुपवर होता.

मी पायरीवर बसलो. सगुणाबाईंनी किटली खाली ठेवली आणि कैलासला फोन लावून पहार घेऊन बोलावलं. कैलास आला, बूट काढून आत शिरला आणि तासाभरात त्यानं ती जमीन फोडली. वरची लाल माती जेमतेम चार बोटं. तिच्याखाली राखाडी थर, एकावर एक, पापडासारखे, प्रत्येक सालचा सारवलेला एक. एका ढेकळात भाताचं तूस चिकटलेलं होतं. सगुणाबाईंनी ते ढेकूळ उचललं, हातात फिरवलं, आणि कैलास बघत नाही असं बघून कनवटीला लावलं. मीही दुसरीकडे बघितलं. इतके दिवस त्या रोज सकाळी आमच्याकडे येत होत्या असं मी समजत होतो. त्या खळ्यावर येत होत्या, दूध आपलं बरोबर असायचं.

दीड फूट जमीन मोकळी झाली, शेणखत आलं. मी उठून फ्रिजवरचा तक्ता आणला आणि पसंतीक्रम वाचायला लागलो. सगुणाबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या सुलक्षणाकडे वळल्या.

"वैनी, तुमास्नी काय पायजे?"

चौदा झुडपं, नऊ रकाने, दोन नर्सऱ्या, एक प्रयोगशाळा, एक ॲप. हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. सुलक्षणा माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोरांटी."

मी म्हटलं, कोरांटी? अगं, तुला मोगरा आवडतो ना, सातही ठिकाणी तू मोगरा लावायचीस.

"सातही ठिकाणी कोरांटी लावायचे. पांढरी. मोगऱ्याला वास असतो, तुम्हाला कधी आला का?"

मला सायनसचा त्रास आहे, त्यामुळे वास येत नाही म्हणून मी स्वतःला दोष देत आलो होतो. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. पहिली फांदी तिनं उदगीरला लावली. बदली झाली की झाड मागे राहायचं, पण एक काटकी ती छाटून घ्यायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि नव्या गावी खोचायची. कोरांटी कुठेही लागते, कुरकुर करत नाही. अशी एकाच झाडाची सात झाडं झाली. आठवी काटकीही तिनं बांधून ठेवली होती, टेम्पोत बसेपर्यंत. मग ती दिसलीच नाही.

फडकं मला आठवलं. निळ्या काठाचं, ओलं. मी ते फुटक्या बादलीत टाकून बादली कोपऱ्यावरच्या कचऱ्यात ठेवली होती आणि टेम्पोत एक इंच जागा वाचल्याचा आनंद मानला होता. मी तिला विचारलं की मग तू बोलली का नाहीस. तिनं माझ्या हातातल्या तक्त्याकडे बोट केलं. ओळ सहावी, शेरा: गावठी, शोभिवंत नाही. खाली माझी सही.

लाज वाटली. ही गोष्ट विनोदानं सांगायची म्हणून घेतली होती, पण तिथे विनोद सुचत नाही. मी तिला म्हटलं, "चुकलो." ती म्हणाली, "ऊन लागेल, आत या." सगुणाबाईंनी आमच्या भानगडीत न पडता कैलासला पिटाळलं आणि त्यांच्या परसातला पांढऱ्या कोरांटीचा एक जुना ठोंब मुळांच्या मातीसकट आणवला. सुलक्षणानं तो लावला. चपला काढून, गुडघे टेकून, एका भांड्यानं पाणी घालून. मी पाणी घालायला पुढे झालो तर तिनं भांडं माझ्या हातात दिलं नाही. पुढचे पंधरा दिवस मी वाफ्यापाशी जायचं नाही असं ठरलं. ते मी पाळलं. खिडकीतून बघितलं ते जाण्यात धरू नये. असलमभाईंकडे मात्र मी जाऊन माफी मागून आलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दीड फूट."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर समिती आली. आमच्या घरापुढे थोडी जास्त गर्दी होती. शेळी दुसऱ्यांदा काय करते ते बघायला लोक आले असावेत. शेळीनं पानं हुंगली, एक तोडलं आणि पुढे गेली, ठोंब जागचा हलला नाही. बेलवलकरांनी फाटकात बूट काढले, हे मी मुद्दाम नोंदवतो. उंची बेचाळीस सेंटिमीटर. तीन फुलं, पांढरी. त्यांनी बुंधा धरून हलकेच ओढून बघितला, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग फॉर्म काढला आणि सवयीनं माझ्याकडे बघून विचारलं की झाडाचं नाव काय, निवड कोणत्या निकषावर केली.

उत्तर जिभेवर आलं होतं. शास्त्रीय नाव, कुळ, ऊन सोसण्याची क्षमता, सगळं मी दरम्यानच्या काळात वाचून ठेवलं होतं. मी म्हटलं, "तिला विचारा."

सुलक्षणा पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं नाव सांगितलं. छाटत राहिलं की आटोपशीर राहते, तुमच्या सत्तरच्या वर जाणार नाही, असंही सांगितलं. बेलवलकरांनी लिहून घेतलं आणि शेवटचा रकाना विचारला. कितवं झाड?

"आठवं," ती म्हणाली.

त्यांनी वाफ्याकडे बघितलं, मोजल्यासारखं केलं आणि इथे तर एकच दिसतंय असं म्हणाले. तिनं वाकून खालचं एक वाळकं पान काढलं. मग बेलवलकरांनी माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं मी रकाने भरलेत, चुकीचा आकडा मला लगेच दिसतो.

"आठच लिहा," मी म्हटलं.